येरमटोल्यात लागला कॉम्प्युटरचा पट

हेमराजनं भरल्या ग्रामसभेत उभं राहून सांगून टाकलं, का जावईबापूच्या लॅपटॉपचा चहा होत नाई तं माह्या सर्वरचं जेवण होऊन हात धुणं होईन. आता असं बोलाचं असते का? तेही सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यासमोर? पण हेमराज असाच आहे. त्याचं तोंड आधी निंगते, डोकं मांगून चप्पल शोधत येते.

गोष्ट अशी होती. येरमटोला म्हणजे पोंभुर्ण्याच्या आत, जंगलातलं गाव. गावाले जंगलाचा हक्क भेटला, बांबू आता गावाचा. पण कोणता बांबू कुठी आहे, किती आहे, ते नकाशात दाखवा लागते. म्हणून गावानं ड्रोनवाला आणला. तो जंगलावर घूंघूं करत फिरला अन् फोटोचा ढीग गावाच्या पदरात टाकून निंगून गेला. आता ते सारे फोटो एकाले एक जोडून एकच मोठा नकाशा बनवाचा. गोधडीसारखं, चिंध्या पोतंभर अन् गोधडी एक. हे काम माणूस नाई करत, कॉम्प्युटर करते. अन् एकडाव करून भागत नाई, दर वर्षी नवा नकाशा. जो करन त्याले गाव मानधन देईन, असं ठरलं होतं.

हेमराजले हे काम पाह्यजेच होतं. काऊन, तं त्याची हैद्राबादले एका कंपनीत जागा पक्की झाली होती. सक्रांत झाली का निंगाचं. सारे म्हणत, पोट्ट्यानं नाव काढलं. पण पोट्ट्याले जाचंच नव्हतं! रात्रंदिवस बंद खोलीत बसून कोणाच्या तरी याद्या भराच्या, खिडकीतून समोरच्याची खिडकी पाहाची. हे त्यानं फक्त मोठ्या बहिणीले, दिव्यानीले, सांगितलं होतं. नकाशाचं काम भेटलं तं राहाचं, नाई तं गाडी पकडाची. आईनं, म्हणजे रुखमाबाईनं, प्रवासाचा चिवडाही करून ठेवला होता, अन् डबा दिसला का हेमराज तोंड फिरवून बाहेर निंगे.

काम भेटाव म्हणून त्यानं सर्वर आणला होता. कोरपन्याकडं कोण्या कंपनीनं जुनं सामान विकाले काढलं, त्यातून उचललेला. एसटीत मांडीवर घेऊन आला, पाय दोन दिवस सरळ झाले नाई. दिसाले लोखंडी पेटी, वजनाले मरायले टेकलेला हल्या, रेडाच म्हणा ना. सुरू केला का गिरणी लागल्यावाणी आवाज. शेजारची कोंबडी त्या दिवसापासून अंडं देनं विसरली म्हणतात, मी पाहिलं नाई.

अन् नेमका सक्रांतीले चंद्रपूरवरून दिव्यानीचा नवरा आला, अजय. काखेत नवाकोरा लॅपटॉप, पापडाएवढा पातळ. माणूस सोन्यासारखा. नकाशाचं ऐकलं अन् मदत म्हणून बोलून गेला, का द्या इकडं, मी करून देतो. त्या बिचाऱ्याले काय माहीत, साळ्याचा जीव त्या नकाशात अडकला आहे!

मंग हेमराज ते चहा-जेवणाचं बोलला.

ग्रामसभेचे अध्यक्ष इसरूभाऊ. शांत माणूस, घाई कराचीच नाई. त्यायनं दोघायले बसवलं अन् इचारलं, का बा, दोघायच्या मशिनीत फरक काय. अजयनं सांगितलं, का मशिनीच्या आत प्रोसेसर असते, ते तिचं डोकं. त्या डोक्यात कोर असतात, काम ते करतात. हेमराजच्या सर्वरात दोन डोके मिळून चोवीस कोर, पण जुन्या जमान्याचे. लॅपटॉपात दहाच, पण नव्या दमाचे.

"कोर म्हणजे काय गा?" इसरूभाऊनं इचारलं.

"आता कसं सांगू," अजय म्हणाला. "समजा, बैल."

झाली चुकी! जानेवारीचा महिना, झाडीतलं गाव, शंकरपटाचे दिवस, गावोगावी बैलायच्या जोड्या धावून राह्यल्या, अन् हा माणूस भर सभेत बैलाचं नाव काढते. झोपलेले लोक उठून बसले. तंबाखू मळणारे हात थांबले. ज्यायले प्रोसेसर शब्द बोलता येत नव्हता, त्यायनंही मत द्यायले सुरुवात केली.

एकजण म्हणे, जुना बैल नांगराले चांगला, पटाले नाई. दुसरा म्हणे, चोवीस जुने का असनात, चोवीस आहेत. तिसरा म्हणे, आधी दात पाहा. बैलाचं वय दातावर कळते, मंग याचं काऊन नाई? हेमराजनं सर्वरचं झाकण उघडून दाखवलं. आत लोखंडी ठोकळे, पंखे, वायरी. लोक वाकून वाकून पाहून गेले. दात नाई सापडले, पण धूळ पाहून सर्वायचं एकमत झालं, का जनावराचा खरारा झाला नाई.

सुकरीबाई गावात सर्वात मोठी. ती बोलली का बाकीचे गप. ती म्हणाली, "बोलून बैल पळत नाई. पट लावा."

आता या गावचा एक नेम आहे. सभेत मतदान नाई. एकेकाले इचारतात अन् एकेकानं तोंडानं "मंजूर" म्हणाचं. एकही अडला तं ठराव अडला. पण त्या दिवशी मंजूर मंजूर असं लाह्यायसारखं फुटलं. पटात जिंकन त्याले नकाशाचं काम! हेमराजनं तं दोनदा मंजूर म्हटलं.

सक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी समाजमंदिरासमोर मांडव पडला. इकडच्या टेबलावर लॅपटॉप, तिकडच्यावर सर्वर. दोघायतही तेच फोटो, तेच सॉफ्टवेअर. आजूबाजूच्या गावात बातमी गेली का येरमटोल्यात पट आहे, बाकी तपशील रस्त्यात सांडला. लोक बैलबंड्या घेऊन आले. दोघं तं जोड्याच सजवून घेऊन आले, शिंगायले रंग देऊन! त्यायले सांगितलं का आज बैल नाई धावत, कॉम्प्युटर धावते, तं त्यायनं बैल बाभळीले बांधले अन् स्वतः समोरच्या रांगेत बसले. आता आलोच आहो तं पाहून जाऊ.

इसरूभाऊनं झेंडी खाली केली. अजयनं बटन दाबलं, हेमराजनं बटन दाबलं. सर्वर गरजला. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या.

अन् मंग काहीच झालं नाई.

होईन काय? पडद्यावर एक निळी पट्टी, ती गोगलगायीवाणी सरके. एक टक्का. दोन टक्के. लोक पाहून राह्यले का धूळ कधी उडते. मांगून कोणी तरी ओरडलं का जोडी सोडा ना बे. बंड्या जुंपाची भाषा सुरू झाली. इसरूभाऊनं पटाचा माईक उचलला अन् हेमराजच्या हातात कोंबला. "सांग बापू, आत काय चालू आहे. नाई तं हे लोक जातीन."

हेमराजनं आयुष्यात माईक धरला नव्हता. पण म्हटलं ना, तोंड आधी निंगते.

"सुटलीऽऽ जोडी सुटली! चंद्रपूरचे जावईबापू, दहा बैलायची जोडी, नव्या दाताची, वाऱ्याले मांगं टाकून राह्यली! अन् इकडं कोरपन्याचा म्हातारा, चोवीस बैल, उठतानाच कण्हते पण उठला तं उठला! फोटोमांगं फोटो, नाल्याचा फोटो, टेकडीचा फोटो, लच्छूच्या वावराच्या धुऱ्याचा फोटो..."

लच्छू उठून उभा राह्यला, का माह्या धुऱ्याचा? लोक हसले, अन् बसले. जे उठले होते तेही बसले. हेमराज पट्टी पाहे अन् बोले, बोले अन् पट्टी पाहे. टक्क्याले त्यानं बांध केलं, फोटोले चाकोरी केलं. पब्लिक असं रंगलं का विचारूच नोका.

एकच वांधा होता. लॅपटॉप समोर होता. चांगलाच समोर! म्हाताऱ्याचे चोवीसच्या चोवीस बैल जोर लावत होते, पण नव्या दाताचे दहा पाहता पाहता दूर निंगून गेले. हेमराज माईकवर जावयाची तारीफ करे अन् त्याच्या डोळ्यासमोर चिवड्याचा डबा नाचे.

तेवढ्यात रुखमाबाई आली. तिनं पाहिलं, सर्वरच्या खाली पोराचं जाड टेबल, अन् जावयाचा लॅपटॉप उघड्या पत्र्याच्या टेबलावर, थंडीत! तिच्या काळजाले लागलं. जावई पाहुणा, त्याचं सामानही पाहुणं. ती घरी गेली, अन् नवी मऊ गोधडी आणून तिनं लॅपटॉपच्या खाली घातली, वरून दोन बाजूनं खोचली, लेकराले खोचतात तशी.

अजय पाहतच राह्यला. लॅपटॉपची हवा खालून जाते, गोधडीनं ती बंद. सासू प्रेमानं काही देते अन् जावई नाई म्हणते, असं आपल्याकडं होत नाई. वरून ती म्हणाली, "आता गरम राहीन, बापू." तो म्हणाला, "हो मामी."

गरम तं राह्यलाच! दहाच्या दहा बैल धापा टाकाले लागले. प्रोसेसर तापला का जळू नये म्हणून आपलाच वेग कमी करते, तसा तो चालीवर आला. पट्टी थबकली. अन् म्हातारा, त्याले काय, मोठे मोठे पंखे, तो आपला धडधड धडधड करत मांगून आला. बरोबरीत आला. समोर निंगाले लागला.

पब्लिक येडं झालं. फक्त दोघायले माहीत, का हे काऊन झालं. अजय बोलू शकत नव्हता. अन् हेमराज? त्यानं गप राहाव, बस. कोणालेच कळलं नसतं. त्यानं एकडाव सर्वरच्या पट्टीकडं पाहिलं, एकडाव गोधडीकडं. दिव्यानी समोरच बसली होती, ती भावाच्या तोंडाकडं पाहे. हैद्राबादचं फक्त तिलेच माहीत होतं.

मंग माईकमधून जरा पडक्या आवाजात आलं, "पंच कमिटीले विनंती आहे... जावईबापूच्या जोडीच्या नाकावर पोतं बांधलं आहे. ते काढाव."

"पोतं?" रुखमाबाई खालून म्हणाली. "माही गोधडी तुले पोतं दिसते?"

मायलेकाचं भांडण माईकवर चाललं, कारण हेमराजले माईक खाली करनं सुचलंच नाई. बाभळीखालचे बैल सुदिक ऐकून राह्यले. शेवटी दिव्यानीनं उठून गोधडी काढली, अन् आईच्याच खांद्यावर टाकली, का मंग तुले थंडी वाजते ना, तू घे.

हे इथी चालू, तं सर्वरच्या मांगं वेगळीच सभा भरली होती. त्याच्या मांगून गरम हवेचा झोत ये. सुकरीबाईनं तिथी चटई टाकली. तिच्यामांगं बाकीचे म्हातारे आले, शेकोटीसारखे गोल बसले. कोणी ओला टॉवेल टांगला, कोणी मुंगाच्या वड्या वाळाले सुपात आणून टेकवल्या. हवेचा रस्ता बंद. सर्वरनं पंखे अजून मोठे केले, तं म्हातारे खुश, का आता बरं लागून राह्यलं. इतकी गर्दी म्हणून चहावाल्यानं विजेची शेगडी लावली होती, मांडवात हॅलोजन लागले होते, अन् सारं एकाच लाईनीवर. बल्ब पिवळे झाले, मंग लाल झाले.

डीपीवर फाट्टकन आवाज आला.

सर्वर गप. पहिल्यांदाच कळलं का गावात किती शांतता असते. त्याची पट्टी शेवटच्या बांधावर होती, अन् पडदा काळा. सकाळपासूनची पळापळ गेली, परत सुरू केला तं पहिल्या फोटोपासून. हेमराज माईक धरून उभाच राह्यला.

माईक चालू होता! कारण तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर होता, लहानशा इन्व्हर्टरवर, जो गावानं पटासाठी ठेवला आहे. अन् लॅपटॉपही चालू होता, स्वतःच्या बॅटरीवर. पण दहाही बैल असे जोरात पळवले तं भरली बॅटरीही टिकते किती? अजयनं खालच्या कोपऱ्यात पाहिलं अन् त्याचं तोंड उतरलं. पट्टी पोहचाच्या आधी बॅटरी बसणार. मंग दोघंही गेले, अन् नकाशाही गेला. अन् नकाशा बांबूच्या कामासाठी उद्याच पोंभुर्ण्याले द्याचा होता.

इन्व्हर्टरले पिन लावाची जागा एकच होती.

हेमराजनं इन्व्हर्टरकडं पाहिलं, लॅपटॉपकडं पाहिलं. मंग खाली वाकून त्यानं माईकची पिन उपटली अन् लॅपटॉपची लावली. कोणी सांगितलं नव्हतं. सांगाले वेळच कुठी होता?

पब्लिकले वाटलं, संपलं. पण हेमराज बाकावर चढला, अन् उघड्या गळ्यानं सुरू! "अजूनऽऽ जोडी दानात आहे, पळाच्या पट्टीत आहे! दहा बैल, जखमी नाई, फक्त तहानलेले होते, ट्रॅक्टरचं पाणी पाजलं! आली, नव्वदवर आली! बोला चंद्रपूरची..." सारी बाभूळ, सारा मांडव त्याच्यासोबत ओरडे. ज्या पोरानं भर सभेत जावयाले हरवतो म्हणून सांगितलं, तोच आता जावयाच्या जोडीसाठी नरडं फाडून राह्यला होता. पट्टी भरली. पडद्यावर अख्खं जंगल उगवलं, हिरवंगार, एक तुकडा. लोकायनं आपापली घरं शोधली अन् सापडली.

लगेच तिथीच सभा बसली. इसरूभाऊ म्हणाले, पट जावयानं जिंकला, काम जावयाचं. मंजूर? एकेकानं म्हटलं, मंजूर. अजय काही बोलाले पाहे, त्याले कोणी बोलू दे नाई, लोक पेढे भरवून राह्यले. शेवटी पाळी आली हेमराजची.

हेमराजनं तोंड उघडलं. हवा आली, आवाज नाई.

परत उघडलं. बंद पडलेल्या सायकलपंपासारखं झालं. ओरडून ओरडून गळ्याचा पुरा भुगा! त्यानं जोरजोरानं मुंडी हलवली, का हो, मंजूर, देऊन टाका.

"मुंडी चालत नाई," इसरूभाऊ म्हणाले. "तोंडानं."

सारे थांबले. सुकरीबाईनं गरम पाणी मांगवलं. हेमराज पाणी पिऊन राह्यला, सभा त्याच्या घशाकडं पाहून राह्यली. अन् या शांततेत दिव्यानीनं नवऱ्याच्या कानात हैद्राबादची गोष्ट सांगितली. अजयच्या तोंडातला पेढा तसाच राह्यला. तो उभा झाला, म्हणाला, का साळ्याले हैद्राबादले जाचं नाई हे मले माहीत असतं तं मी लॅपटॉप उघडलाच नसता, मले हे काम नोको. पण इसरूभाऊ म्हणाले, तसं नाई होत. जिंकलेली जोडी मान नाकारत नाई. पटाचा नेम.

तेवढ्यात मांगून रुखमाबाई उठली, खांद्यावर गोधडी. "मान द्या ना," ती म्हणाली. "पण कामाचं काय लावलं? माहा जावई दर वर्षी इथी येईन अन् तुमी त्याले कामाले जुंपसान? माह्या गावात? लोक थुंकतीन ना माह्यावर."

सासुरवाडीत जावयाले काम सांगाचं नाई, हा तं नकाशाहून जुना नेम. इतका वेळ कोणाले कसा आठवला नाई? सुकरीबाई म्हणाली, बाई खरं बोलते. इसरूभाऊनं डोक्यावरून हात फिरवला. मंग असा ठराव झाला, का काम जावयाच्या नावानं, टोपी-दुपट्टा जावयाले, अन् हातानं कराची मेहनत साळ्याची. मानधनही मेहनतीवाल्याचं. लॅपटॉप अजयनं तिथीच ठेवला, का ऑफिसचा दुसरा आहे माह्याकडं. खरं-खोटं त्याचं त्याले माहीत.

परत एकेक मंजूर झालं. परत हेमराजची पाळी. त्यानं डोळे मिटले, मुठी आवळल्या, अन् नरड्यातून चिचुंद्रीएवढं निंगालं, "मंजूर."

सुकरीबाईनं मान डोलावली. चिवड्याचा डबा घरून आला, तिथीच फुटला, सभेत वाटला गेला.

आता तुमाले वाटन संपलं. पण त्या दिवशी जे बैल घेऊन आले होते ना, त्यायनं जातानाच सांगितलं होतं, का आमच्या पटाले हाच पोट्टा माईकवर पाह्यजे. पट दोन दिवसावर, अन् हेमराजचा गळा तं मंजूरनंतर पुरा बसला! मंग काय, माईक धरनं म्हणजे काम नाई, मान आहे, असं रुखमाबाईनंच ठरवून दिलं. टोपी-दुपट्टा घालून जावईबापू माईकवर बसले. चंद्रपूरचा माणूस, बैलाची शेपटी कोणत्या टोकाले असते ते सांगतानाही इचार करन.

झेंडी पडली. एक जोडी सुटली, दुसऱ्या जोडीतला डावा बैल जागेवरच अडला. धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, ओढते, बैल ढिम्म. पब्लिक माईककडं पाहे. अजयले घाम फुटला, अन् जे येते तेच तोंडातून निंगालं.

"डावा बैल हँग झाला आहे. कृपया बंद करून परत चालू करा."

धुरकरी आज्ञाधारक माणूस. त्यानं बैलाले खाली बसवलं, जरासं थांबला, अन् उठवलं.

अन् बैल असा पळाला, का त्या दिवसापासून हेमराजले माईकवर कोणी बोलावतच नाई.